नेमबाजी शिकवा, बंदुका वाटू नका

जुळे सोलापुरातल्या आमच्या भागात पंधरा दिवसांत तीन घरं फुटली. तिन्ही घरांना कुलूप होतं, माणसं लग्नाला नाहीतर गावी गेलेली, त्यामुळे जिवावर बेतलं नाही. पण भीती बसायची ती बसलीच. रविवारी सकाळी सगळे मंदिराच्या सभामंडपात जमलो. एका निवृत्त गृहस्थांनी उभं राहून सुचवलं की चाळीस घरांनी मिळून शस्त्र परवान्याचे अर्ज करायचे आणि गठ्ठाच नेऊन आयुक्तालयात द्यायचा. टाळ्या पडल्या. त्यावर एक शिक्षिका उठल्या. परवाने तर नकोतच, शिवाय पलीकडच्या गल्लीत पोरांना एअर रायफल शिकवतात तेही बंद करा, असं त्यांचं म्हणणं. त्यांनाही टाळ्या पडल्या, आणि बऱ्याचशा त्याच हातांनी. पुढे दोन तास वाद रंगला. एका बाजूला ‘बंदूक हवी’, दुसऱ्या बाजूला ‘बंदूक नको’. चोरी झाली तेव्हा तिन्ही घरांत कोणीच नव्हतं, म्हणजे तिथे बंदूक असती तर ती दागिन्यांबरोबर चोराच्याच पिशवीत गेली असती, एवढी साधी गोष्टही त्या दोन तासांत कोणी बोललं नाही.

दोन्ही बाजूंनी दोन वेगळ्या गोष्टींची एकच मोट बांधली, म्हणून हा वाद भरकटला. शस्त्र चालवायला शिकणं ही एक गोष्ट आणि शस्त्र घरात बाळगणं ही दुसरी. पहिलीसाठी शिस्त लागते, शिक्षक लागतो, जागा लागते आणि वर्षानुवर्षं सराव लागतो. दुसरीसाठी परवाना आणि पैसा पुरतो. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: नेमबाजीचं शिक्षण या शहरात आज आहे त्याच्या दसपट व्हायला हवं आणि घरगुती बंदुकीचा परवाना आज आहे तेवढाच अवघड राहायला हवा, जमल्यास थोडा जास्तच. यात मला काही विसंगती दिसत नाही.

परवाना मागणाऱ्यांची बाजू पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. शहरात राहून हसणं सोपं आहे. मोहोळ, बार्शी, करमाळ्याकडच्या वस्त्यांवर एक रात्र काढावी म्हणजे कळतं. गावापासून दोन-तीन किलोमीटर आत, उसाच्या कडेला एकटं घर. घरात म्हातारी माणसं, दारात जनावरं. ११२ ला फोन लागला तरी गाडी त्या पाणंद रस्त्याने यायला वेळ लागणारच. त्यात रानडुकरं एका रात्रीत मक्याचं पीक लोळवतात. २०२०च्या डिसेंबरात करमाळा तालुक्यात नरभक्षक बिबट्याने माणसं मारली तेव्हा आठवडा-दोन आठवडे लोक शेतात पाऊल ठेवायला धजावत नव्हते. शेवटी त्याला गोळी घालावी लागली आणि ती हरणांच्या, डुकरांच्या शिकारीच्या गोष्टी सांगत बसणाऱ्या हौशी माणसाने घातली नाही. वनखात्याच्या आदेशाने, ज्याचा हात वर्षानुवर्षं बसलेला आहे अशा नेमबाजाने घातली. वस्तीवरच्या शेतकऱ्याने पीक संरक्षणासाठी बारा बोअरच्या बंदुकीचा परवाना मागितला तर त्याचा अर्ज धूळ खात पडू नये, हे मला मान्य आहे. कायद्यात त्याची सोय आहे ती बरोबरच आहे.

पण वस्तीवरची बंदूक माणसांवर रोखायची वेळ येते तेव्हा काय होतं, हे मी जवळून पाहिलं आहे. माझ्या मामांची बार्शी तालुक्यात वस्ती आहे. आजोबांच्या काळापासून दुनळी बंदूक, रीतसर परवाना. वर्षातून ती दोनदाच बाहेर निघायची: खंडेनवमीला पुसून, हळदकुंकू लावून पूजेला, आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायला. काडतुसांच्या पितळी बुडांवर हिरवट थर चढलेला मी स्वतः नखाने खरवडून पाहिला होता. एका रात्री शेजारच्या वस्तीवर दरोडा पडल्याची बातमी आलेली, सगळेच धास्तावलेले. दोनच्या सुमाराला कुत्री भुंकायला लागली. विहिरीकडे कोणीतरी हललं. मामांनी ट्रंकेतून बंदूक काढली, दोन काडतुसं भरली, ओट्यावर आले आणि त्या सावलीवर नळी धरली. मी मागे उभा होतो. सावली पुढे पुढे येत होती. मामा ‘कोण हाय’ म्हणून ओरडायचंही विसरून गेले. तेवढ्यात तिकडून आवाज आला, ‘मालक, मी हाय की! लाईट आलीया, मोटर चालू करून आलो.’ सालगडी होता. बॅटरीचे सेल संपले म्हणून अंधारातच गेला होता. शेतीची वीज रात्री सोडतात हे आम्हाला सगळ्यांना पाठ होतं, आणि त्या क्षणी ते एकालाही आठवलं नाही. मामांनी बंदूक खाली ठेवली तेव्हा त्यांचं बोट आकडून घोड्यावरच राहिलं होतं. मीच ते हलकेच सोडवलं. तो सालगडी आजही मामांकडेच कामाला आहे, त्याच्या मुलीच्या लग्नाला मी गेलो होतो.

मामा घाबरट नाहीत आणि बेजबाबदारही नाहीत. त्यांना सराव नव्हता, एवढंच. २०१६च्या शस्त्र नियमांनी परवान्याआधी सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण आवश्यक केलं, हे चांगलंच झालं. पण प्रमाणपत्र फाइलला लागल्यावर तो हात पुढच्या पाच वर्षांत किती वेळा चालला, हे कोण बघतं? परवान्यावर लिहिलेली मोजकी काडतुसं, ती महाग, आणि चालवायला नेमबाजीची रेंज कुठे जवळ? बहुतेक परवानाधारकांच्या बंदुका कपाटातच म्हाताऱ्या होतात. जिवाच्या भीतीत माणसाची बोटं थरथरतात, नजर एकाच ठिकाणी खिळते, कानाला ऐकू येईनासं होतं. पोलीस आणि सैनिक पुन्हा पुन्हा सराव करतात तो याचसाठी. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या डेनिस ट्युलर नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने १९८३ साली मोजून दाखवलं की चाकू घेतलेला माणूस २१ फुटांचं अंतर साधारण दीड सेकंदात पार करतो. तेवढ्या वेळात कंबरेचं पिस्तूल काढणंही प्रशिक्षित पोलिसाला जेमतेम जमतं. आपल्याकडे तर हॉल ते बेडरूम एवढंच अंतर वीस फूट असतं, आणि बंदूक असते आतल्या कपाटात. कुलपात ठेवावी तर वेळेला हाती लागत नाही, उशाशी ठेवावी तर आधी पोराच्या हाती लागते. घरात शस्त्र ठेवणाऱ्या प्रत्येकाला यातलं एक निवडावं लागतं. त्या सभेत परवाना मागणाऱ्यांपैकी कोणी सांगावं, ते काय निवडणार होते?

यावर ठरलेलं उत्तर येतं: गुंडांकडे गावठी कट्टे आहेतच, कायदा फक्त सरळ माणसाचे हात बांधतो. यातला पहिला भाग खरा आहे. देशात बंदुकीने होणाऱ्या खुनांत बिनपरवाना शस्त्रांचाच वाटा मोठा असतो. मध्य प्रदेशच्या सीमेवरून, बिहारमधल्या मुंगेरहून कट्टे येतात आणि वर्तमानपत्रात आठवड्याला एक तरी जप्तीची बातमी असते. पण यावरून निष्कर्ष काय काढायचा? कट्ट्यांची वाट बंद करा, बनवणाऱ्यांपर्यंत जा, विकत घेणाऱ्याला जामीन सहज मिळू देऊ नका, ही मागणी घेऊन चाळीस घरं आयुक्तालयात गेली असती तर मी सर्वांत पुढे उभा राहिलो असतो. परवाने वाढल्याने कट्टा कमी होत नाही. त्यात आपल्याकडे परवान्याच्या पिस्तुलाचं खरं काम काय असतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बांधाच्या भांडणात ते कंबरेला दिसतं, वाढदिवसाच्या फोटोत दिसतं, वरातीत हवेत चालतं. आनंदाच्या भरात केलेल्या अशा गोळीबाराने माणसं मेली, म्हणून २०१९ साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती करून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंडाची, किंवा दोन्हींची तरतूद करावी लागली. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. ही बंधनं चोरांमुळे आली नाहीत, परवानाधारकांच्या वागण्यातून आली.

मग इतिहासाचा दाखला निघतो. इंग्रजांनी १८७८ साली व्हाइसरॉय लिटनच्या काळात शस्त्र कायदा करून आपल्याला निःशस्त्र केलं, आणि त्याच कायद्याचा वारसा आपण अजून डोक्यावर घेऊन चाललो आहोत, असं सांगितलं जातं. हा मुद्दा वजनदार आहे. त्या कायद्यातून युरोपियनांना सूट होती, म्हणजे तो सुरक्षेपेक्षा अपमानाचा कायदा होता. देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबीही त्याच वर्षी झाली. काँग्रेसने तो रद्द करण्याची मागणी सुरुवातीपासून लावून धरली. खुद्द गांधीजींनी १९१८ साली सैन्यभरतीच्या पत्रकात, एका अख्ख्या राष्ट्राची शस्त्रं काढून घेणारा हा कायदा म्हणजे ब्रिटिश राजवटीच्या दुष्कृत्यांतलं सर्वांत काळं कृत्य, असं लिहिलं होतं. १९३१च्या काँग्रेसच्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत होता. हे सगळं खरं आहे, आणि विरोधकांनी ते लपवू नये.

पण गोष्ट तिथे संपत नाही. गांधीजींचं ते वाक्य लष्करात भरती व्हा, शिस्तीत शस्त्र शिका, असं सांगणाऱ्या पत्रकातलं आहे. कपाटात रिव्हॉल्व्हर ठेवा असं ते सांगत नव्हते. कराची ठरावातही तो हक्क नियम आणि मर्यादांच्या अधीन होता. आणि १९४८च्या डिसेंबरात हरी विष्णू कामत यांनी घटना समितीत हा हक्क राज्यघटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. त्यांचं म्हणणं असं की स्वतंत्र देशात आग्रह धरायचाच तर तो शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा नको, कर्तव्याचा हवा. देशावर संकट आलं तर शस्त्र उचलायला प्रत्येक नागरिकाला बोलावता आलं पाहिजे. ज्या समाजाची शस्त्रं आणि अब्रू दोन्ही शतकानुशतकं हिरावली गेली होती, त्या समाजातून आलेल्या माणसाने हे सांगितलं. सरसकट बंदुका वाटल्या गेल्या तर त्या आधी कोणाच्या घरात पोचतील आणि कोणावर रोखल्या जातील, हे त्यांना चांगलं कळत होतं. आजही गावात परवाना कोणाकडे असतो? पाटलाकडे, सावकाराकडे, कारखान्याच्या संचालकाकडे. वाड्याबाहेरच्या माणसाकडे सहसा नसतोच.

आणि सोलापूरकराने तर १९३० विसरू नये. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली, ८ मे रोजी गोळीबार झाला, शंकर शिवदारे हा तरुण त्यात पडला. शहर पेटलं आणि इंग्रजी अंमल काही दिवस अक्षरशः उठला. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला जाईपर्यंत शहरातली वाहतूक, पेठांतला बंदोबस्त कोणी सांभाळला? खादीतल्या स्वयंसेवकांनी, रिकाम्या हातांनी. पुढे पोलीस शिपायांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. त्यांचे पुतळे असलेल्या चौकातून आपण रोज जातो. त्यांच्याकडे बंदुका असत्या तर इतिहास बदलला असता, असं त्या सभेत एकाने छाती ठोकून सांगितलं. मला पटत नाही. बंदुका असत्या तर लष्कर यायला चार दिवस लागले नसते आणि मेलेल्यांची मोजदाद करायला पेठेत माणसं उरली नसती. त्या दिवसांत शहर टिकलं ते एकमेकांना ओळखणाऱ्या, एका हाकेला बाहेर पडणाऱ्या लोकांमुळे. तीच ताकद आज ग्राम सुरक्षा यंत्रणेत दिसते: वस्तीवरून एक फोन केला की गावभर सगळ्यांचे फोन एकदम वाजतात आणि दहा मिनिटांत पन्नास बॅटऱ्या त्या दिशेने निघतात. मामांच्या वस्तीवर हल्ली त्यांचा भरवसा याच यंत्रणेवर आहे.

स्त्रियांच्या स्वसंरक्षणाचा मुद्दा वेगळा आहे आणि तो सर्वांत जास्त भावनेने मांडला जातो. २०१४ साली कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने ‘निर्भीक’ नावाचं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर खास स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणलं. वजन अर्धा किलो, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास. विडी वळणारी, गारमेंटच्या कारखान्यात शिलाई मारणारी सोलापूरची बाई सव्वा लाख कुठून आणणार, हा प्रश्न बाजूला ठेवू. पर्समधलं हे रिव्हॉल्व्हर रोखायचं कोणावर? बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत ९० टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा असतो, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगतात. शेजारी, नातेवाईक, लग्नाचं वचन देणारा, कामावरचा मुकादम. हा माणूस अंधाऱ्या गल्लीत आडवा येत नाही, चहा प्यायला घरात येतो. त्याच्याविरुद्ध मुलीला आधी लागतो आवाज, मग ‘नाही’ म्हणायची सवय, मग तिच्यावर विश्वास ठेवणारं घर. त्यानंतर हात सोडवून घेणं, पळणं, डोळ्यावर, नडगीवर मारणं. हे शिकवता येतं, पण एका दिवसाच्या शिबिरात शिकवता येत नाही. आमच्या भाचीच्या कॉलेजात असं शिबिर झालं: तीनशे मुली, दोन तास, व्यासपीठावर हारतुरे, शेवटी फोटो. तिला त्यातली एक पकडही आठवत नाही. तीच भाची दोन वर्षं रोज संध्याकाळी लाठीकाठीला जाते, आणि आज तिच्या नुसत्या उभं राहण्यात फरक पडला आहे.

आत्मसंरक्षणाचा कायदाही कोणी नीट शिकवत नाही. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ आपल्याला बराच मोठा अधिकार देतात. रात्री घर फोडून घुसणाऱ्याविरुद्ध तर टोकाचाही. पण त्याच कलमांत अटी आहेत. गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. पोलिसांकडे जायला वेळ असेल तर अधिकार उरत नाही. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घातली तर तो बचाव धरला जाईल असं समजू नये. चाळीस अर्ज लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी ही अकरा कलमं वाचली होती?

आता शिक्षिकाताईंकडे वळतो, कारण त्यांच्या काळजीचा मला आदर आहे आणि त्यांचं मत मला तितकंच चुकीचं वाटतं. ती पलीकडच्या गल्लीतली रेंज मी पाहिली आहे. लांबट खोली, दहा मीटरवर कागदी लक्ष्यं, मागे छर्रे अडवणाऱ्या पत्र्याच्या पेट्या. मुलं आली की पहिला अर्धा तास कोणाच्या हातात रायफल येत नाही. नुसतं उभं राहणं, डोळे मिटून तोल सांभाळणं. रायफल उचलली की नळीतून पिवळी दोरी बाहेर आलेली दिसलीच पाहिजे, म्हणजे आत छर्रा नाही हे लांबूनही कळतं. नळी कायम लक्ष्याकडे. बोट घोड्याबाहेर. एका बारा वर्षांच्या मुलीने बोलता बोलता रायफल जरा वळवली, तर सरांनी काही न ओरडता तिच्या हातून ती काढून टेबलावर ठेवली आणि तिला त्या दिवसापुरतं घरी पाठवलं. ती रडत गेली आणि दुसऱ्या दिवशी वेळेआधी आली. एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो गाठायला श्वास सोडून, छातीचे दोन ठोके जाऊ देऊन, मधल्या निवांत क्षणी घोडा दाबावा लागतो. राग आला असेल तर छर्रा हमखास भरकटतो. मुलांच्या मनात हिंसा भरते म्हणणाऱ्यांनी एकदा तिथे तासभर बसावं. मोबाइलवर दिवसाला शंभर माणसं मारणारा मुलगा तिथे एका छर्‍यासाठी मिनिटभर स्थिर उभा राहतो.

कोल्हापूरकरांना हे कधीच कळलं. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये विश्वविजेती झाली, राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ४५१.४ गुणांसह कांस्य मिळवलं. त्याच्या गावातली पोरं हातात रायफल घेतात तेव्हा कोणाला गुंडगिरीची भीती वाटत नाही. मग आपल्याकडेच का वाटावी?

खेळ आणि घरगुती शस्त्र वेगळं ठेवता येतं, हे ऑस्ट्रेलियाने दाखवलं. १९९६ साली पोर्ट आर्थरला ३५ माणसं मारली गेल्यावर त्यांनी लाखो बंदुका परत विकत घेतल्या आणि परवान्यासाठी खरं कारण द्यावं लागेल असा नियम केला. क्लबचं सदस्यत्व आणि नियमित खेळ हे कारण चालतं, शेतकऱ्याची गरज चालते. स्वसंरक्षण हे कारण चालत नाही. त्यांचे नेमबाज आजही ऑलिंपिकला जातात. आपल्याकडेही .१७७ची कमी ताकदीची एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते, म्हणजे शिकायला कायद्याची अडचण नाही. अडचण जागेची आणि पैशाची आहे. चांगली स्पर्धेची रायफल लाखाच्या वर जाते, कडक कॅनव्हासचं जॅकेट वेगळं, त्यामुळे पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगाराचा मुलगा दारातूनच परत फिरतो.

पुढच्या रविवारी बैठक पुन्हा आहे. परवान्यांच्या अर्जाऐवजी मी दुसरा अर्ज लिहून नेणार आहे, सहीसाठी चाळीस रकाने आखून. मागणी महापालिकेकडे: बंद पडलेल्या एका शाळेचा हॉल, बारा लेनसाठी भिंत आणि पेट्या, सहा रायफली क्लबच्या मालकीच्या, रात्री कुलपात राहतील अशा, आणि एक पगारी प्रशिक्षक. शेजारच्या खोलीत मुलींसाठी आठवड्यातून तीन दिवस लाठीकाठी आणि कराटे. दुसरी मागणी पोलिसांकडे, रात्रगस्तीची आणि आमच्या वसाहतीतल्या प्रत्येक घराचा नंबर सुरक्षा यंत्रणेत घालण्याची. पहिली सही मी शिक्षिकाताईंकडे मागणार आहे. आधी त्यांना शनिवारी संध्याकाळी रेंजवर घेऊन जायचं ठरलं आहे; त्या येते म्हणाल्या आहेत.